सातवी अट

हर्षदा मगदूम संवेदनमापन प्रयोगशाळेत आली ती चपला दाराबाहेर काढून. इथे चपला काढायच्या नसतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. डॉ. शर्वरी तेंडोलकरलाही ते सांगायचं सुचलं नाही, कारण ही मुलगी कोण हे तिने दारातच ओळखलं होतं. गेले चौदा आठवडे कोल्हापुरातल्या चौकाचौकात हिचाच फाटक्या कुर्त्यातला फोटो लागला होता.

"मॅडम, मी पन्नास सेकंदच केलतं," हर्षदा उभ्या उभ्याच म्हणाली. "शूटिंगचा कागद हाय माझ्याकडं. पन्नास सेकंद. आन् आई म्हणती, अकरा मिनिटं बघितलं मी."

शर्वरीने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. हर्षदा पाणी न पिता पेला हातात धरून बसली.

'फडशा' या चित्रपटाची गोष्ट सांगायला दोन ओळी पुरतात. पूर्वार्धात वीटभट्टीवर चौघे जण एका मुलीवर अत्याचार करतात. उत्तरार्धात ती मुलगी विळा घेऊन चौघांना एकेक करून शोधते आणि मारते. असले चित्रपट काही आज निघाले नाहीत. ते काढणारे नेहमी छातीवर हात ठेवून सांगतात, की ही स्त्रीच्या न्यायाची गोष्ट आहे. मग जाहिरातीत विळा एवढासा आणि फाटका कुर्ता भिंतभर का असतो, हे विचारलं की त्यांना तातडीचा फोन येतो. शर्वरीला या जातीच्या चित्रपटांची मनापासून चीड होती आणि ती चीड तिने कधी लपवली नव्हती.

पण 'फडशा'मध्ये तिचा स्वतःचा हात होता. तो स्पंदपट होता, आणि स्पंदपटाचं निम्मं शास्त्र तिचं होतं.

स्पंदपट एकदा कापून जोडून ठेवलेला नसतो. प्रेक्षक खुर्चीत बसला की मनगटाला स्पंदपट्टी बांधतो. नाडी, घाम, स्नायूंचा ताण, सगळं ती पट्टी टिपते. या खुणांवरून माणूस किती संतापला आहे त्याचा एक आकडा निघतो, तो क्षोभांक. सभागृहातल्या सगळ्या पट्ट्यांचे आकडे संयोजक नावाच्या यंत्राकडे जातात, आणि ते यंत्र जागच्या जागी चित्रपट घडवत जातं. एखादं दृश्य लांबव, दुसरं आवर, चेहरा जवळून दाखव. लागतील ती नवी दृश्यंही ते स्वतः तयार करतं. त्यासाठी नट-नट्यांना पुन्हा बोलवावं लागत नाही. त्यांच्या शरीराची आणि आवाजाची हुबेहूब नक्कल, म्हणजे प्रतिदेह, यंत्रापाशी असतोच.

"करारात काय होतं?" शर्वरीने विचारलं.

"'कथेच्या गरजेनुसार प्रतिदेहाचा वापर करता येईल.' मी म्हटलं, कथा तर वाचलीय मी. तिची गरज अशी किती वाढंल?"

"आणि आईने कुठे पाहिला?"

"इचलकरंजीतच. दुपारचा बायकांसाठी खास खेळ लावलता. बचत गटाच्या पस्तीस जणी मिळून गेल्या. तिकिटं मीच पाठवलती, मॅडम." हर्षदाचा आवाज इथे पहिल्यांदा हलला. "मी आईला आधीच सांगून ठेवलतं, तसला एक सीन हाय, पन्नास सेकंदाचा, तेवढा वेळ मान खाली घाल. तिनं मान खाली घातली. वर केली तरी चालूच. तवापास्नं बोलंना झालीय माझ्याशी. म्हणती, करायचं ते केलंस, वर खोटं बोललीस."

शर्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकांचा खास खेळ म्हणे! दाराशी कोण उभं राहून बघतंय कुणाला आत सोडलं ते? बाल्कनीत टगे भरले असणार. 'फडशा' पाच-पाच वेळा बघणारे, नेमक्या त्या जागी शिट्टी मारणारे. त्यांनीच ते दृश्य ताणलं. ही मुलगी पन्नास सेकंदांचं काम करून घरी गेली आणि त्या लोकांनी तिला रोज चार खेळ, अकरा अकरा मिनिटं, त्या भट्टीवर उभी ठेवली.

"सोमवारी चित्रपट निरीक्षण समितीपुढे सुनावणी आहे. त्यांनी माझा अहवाल मागितलाय," ती म्हणाली. "परवा शनिवारी मी दोन खेळ करून घेते, इथेच. ते दृश्य कोण लांबवतं हे पुराव्यानिशी लिहून देते. तुझ्या आईलाही ते दाखवता येईल."

"आईला दावता आलं तर बास हाय मला," हर्षदा म्हणाली आणि मग पाणी प्यायली.

ती गेल्यावर शेजारच्या टेबलावरून फारुख मोमीनने मान वर केली. संयोजकाची आज्ञावली त्याने लिहिली होती. शर्वरीबरोबर तो बारा वर्षं काम करत होता आणि तिच्या संतापाला सरावलेला होता.

"डॉक्टर, एक शंका आहे. टग्यांना तिथे मजा वाटते हे खरं. पण मजेला गुण कुठे आहेत? तुमची सातवी अट?"

सातव्या अटीचा शर्वरीला फार अभिमान होता. दोन वर्षांपूर्वी निर्माते संपतराव नेर्लेकर तिचं तंत्र मागायला आले तेव्हा तिने त्यांना दहा अटी घातल्या होत्या. बाकीच्या नऊ वकिलाने लिहिल्या, सातवी तिने स्वतः लिहिली. यंत्र शेवटी गुणांसाठी राबतं, ज्याला गुण मिळतात तेच पुन्हा करतं. म्हणून तिने ठरवून दिलं, की अत्याचाराच्या दृश्यात कुणाला कितीही मजा वाटो, संयोजकाला त्याचा एकही गुण मिळणार नाही. गुण मिळतील ते फक्त न्याय झाल्यावर. खलनायक पडल्यावर प्रेक्षकाच्या अंगातला क्षोभ जेवढा उतरेल, तेवढे गुण. विकृतीला बक्षीस नाही, न्यायबुद्धीला आहे. शास्त्रज्ञांच्या परिषदेत तिने ही अट वाचून दाखवली तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"मग कुठेतरी पळवाट काढली असेल त्यांनी," शर्वरी म्हणाली. "शोधून काढू."

शनिवारी सकाळी दहाला पहिला खेळ झाला. प्रयोगशाळेच्या चाळीस खुर्च्यांच्या सभागृहात तिने चाळीस पुरुष बसवले. प्रत्येकाने 'फडशा' निदान तीनदा पाहिलेला होता. ते हसत-खिदळत आले, एकमेकांच्या पट्ट्या ओढत बसले. भट्टीचं दृश्य सुरू होताच दोघांनी शिट्ट्या मारल्या, मागून कुणीतरी पडद्यावरच्या मुलीला उद्देशून काहीतरी बोललं, आणि अर्धी रांग हसली. मोजणीच्या खोलीत काचेमागे शर्वरी मुठी आवळून उभी होती. आता ताणणार, आता ताणणार, म्हणून ती घड्याळाकडे बघत होती.

बावन्न सेकंदांत दृश्य संपलं.

बाहेर पडताना ते लोक कुरकुरत होते. एकाने तर मोमीनला गाठून विचारलं, "काय वो, कापलाय का ह्यो? माझी बहीण बघून आली, तिला लई मोठा दावला."

दुपारी दुसरा खेळ. या चाळीस बायका सजग महिला मंचाच्या होत्या. 'फडशा' बंद पाडा म्हणून त्यांनी बिंदू चौकात धरणं धरलं होतं. शिक्षिका होत्या, दोन वकील होत्या, एक निवृत्त परिचारिका होती. प्रयोगासाठी म्हणून नाइलाजाने त्या बसल्या. भट्टीचं दृश्य सुरू झाल्यावर सभागृहात कुणी चकार शब्द काढला नाही. काहींनी डोळे मिटले, काहींनी शेजारणीचा हात धरला. पडद्यावरच्या चौघांपैकी एकाने मध्येच घरी फोन लावून, पोरगं जेवलं का, असं मायेने विचारलं. हे मूळ चित्रपटात नव्हतं. सगळ्या चाळीस पट्ट्यांचे आकडे एकदम चढले. मग दुसऱ्याने शांतपणे खिशातून कंगवा काढून केस विंचरले. आकडे आणखी चढले.

अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

शेवटी विळा निघाला आणि चौथा माणूस पडला तेव्हा निवृत्त परिचारिका उठून उभी राहिली आणि रडत रडत टाळ्या वाजवू लागली. तिच्या मागोमाग सगळ्या उठल्या. संयोजकाने त्या दिवशी मिळवलेले गुण चौदा आठवड्यांतले सर्वांत जास्त होते.

"असं कसं?" शर्वरी म्हणाली. "यंत्र सकाळच्या खेळावरून काही शिकलं का?"

"प्रत्येक खेळ ते कोरं सुरू करतं. तुम्हाला माहीत आहे." मोमीनने दोन आलेख शेजारी शेजारी ठेवले. सकाळचा आलेख जमिनीलगत सरपटत होता, दुपारचा उंच चढून धाडकन खाली आलेला. "डॉक्टर, गुण उताराला आहेत. उतार मोठा हवा असेल तर चढ मोठा पाहिजे. झोका जेवढा मागे न्याल तेवढा पुढे जाणार. सकाळच्या लोकांचा क्षोभ चढलाच नाही. त्यांना मजा येत होती, आणि मजेला तुम्ही शून्य ठेवलंय. यंत्राने बघितलं, इथे थांबून काही मिळत नाही, आणि ते पुढे गेलं. दुपारच्या बायकांचं काळीज जळत होतं. यंत्राला तेवढंच कळलं, की हे जितकं जाळू तितका शेवटी उतार. मग ते जाळत बसलं."

"म्हणजे ज्याला सहन होत नाही..."

"त्यालाच जास्त दाखवतं. सातव्या अटीत नेमकं तेच लिहिलंय."

दारात काहीतरी हललं. हर्षदा केव्हा येऊन उभी राहिली होती ते दोघांना कळलं नव्हतं. आजही चपला बाहेर होत्या.

"मंजे आईनं..." ती म्हणाली. "आईला सहन होईना म्हणून तसं झालं? तिथं टगे न्हवतेच कुणी?"

उत्तर द्यायला संपतराव नेर्लेकर वेळेवर आले. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. आलेख त्यांनी चष्मा वर सरकवून बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"डॉक्टरबाई, मी तुम्हाला तवाच सांगत हुतो. लोकांना मारलेलं बघायचं नसतंय, मारणाऱ्याला मारलेलं बघायचं असतंय. त्यापायी आधी कुणालातरी मारायला लागतंय, त्याला माझा काय इलाज? मी तर पन्नास सेकंदच ठेवलतं. वाढवलंय ते सज्जनांनी. पेढा घ्या."

"तो पुडा उचला आणि चालते व्हा!" शर्वरी कडाडली.

"जातो की. पर अव्हालात खरं लिवा म्हंजे झालं," म्हणून ते हसत गेले. पुडा टेबलावरच राहिला.

शर्वरीने दोन्ही आलेख पुन्हा समोर ओढले. या माणसाला सज्जनांची नावं घ्यायची लाज कशी वाटत नाही? चाळीस चांगल्या बायकांना याने आपल्या पापात ओढलं. ते काही नाही. त्या बायकांना यंत्र कसं चालतं ते माहीत नव्हतं, म्हणून त्या फसल्या. ज्याला युक्ती माहीत आहे तो फसणार नाही. निदान प्रेक्षकांना सावध करता येईल, पाटी लावता येईल, अहवालात तशी सूचना करता येईल.

"मोमीन, यंत्र लावा. मी एकटी बसते. मला सगळं माहीत आहे. बघू मला कसं नाचवतं."

"मी पण बसते," हर्षदा म्हणाली.

"तू नको."

"मी अजून बघितलेलाच न्हाई तो, मॅडम. माझं काय काय केलंय ते मला तरी कळू दे. पट्टी बांधत न्हाई मी."

दोघी पहिल्या रांगेत बसल्या. शर्वरीने पट्टीचे दोन्ही बंद स्वतः घट्ट केले. कोपऱ्यात घड्याळाचे आकडे हिरवे चमकत होते.

पहिली दोन मिनिटं तिने शास्त्रज्ञासारखी पाहिली. हे बघ, फोन आला. हा कंगवा. स्वस्त युक्त्या, मनाशी म्हणाली ती. पण चौथ्या मिनिटाला भट्टीच्या मागून एक पाचवा माणूस आला. हा कुठल्याच खेळात नव्हता. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्याने कुणाला हात लावला नाही. विटांच्या थप्पीवर रुमाल टाकून तो बसला आणि बघू लागला. मुलीने त्याच्याकडे बघून हात पुढे केला तेव्हा तो चुकचुकला आणि म्हणाला, "फार वाईट चाललंय हे." आणि बसूनच राहिला.

शर्वरीच्या डोक्यात काहीतरी तडकलं. या चौघांपेक्षा हा नीच! अरे, ऊठ ना! तिथे मुलगी हात पसरतेय आणि हा चुकचुकतोय! सहा मिनिटं झाली. नऊ झाली. पाचव्याने चष्मा काढून पुसला आणि परत लावला, नीट दिसावं म्हणून. शर्वरीचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. बारा मिनिटं. याला सगळ्यात शेवटी मारायला हवं, ती मनात म्हणत होती. सावकाश मारायला हवं. याला कळायला हवं. चौदा. सोळा.

"मॅडम, उठा," शेजारून हर्षदा म्हणाली.

शर्वरीने मान हलवली.

"मॅडम, तुमची एकटीचीच पट्टी हाय. तुम्ही बसलाय म्हणून चाललंय ते. उठा ना."

"एक मिनिट," शर्वरी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "आता विळा उचलेल ती. त्याला मेलेला बघू दे मला."

"ती मी हाय, मॅडम!"

अठरा मिनिटं. शर्वरीने ते ऐकलं, म्हणजे शब्द कानांवर पडले. हर्षदा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि पट्टीचा पहिला बंद सोडू लागली. शर्वरीने हात हिसकला. हर्षदाने तो पुन्हा धरला, मनगट मांडीवर दाबून ठेवलं आणि दुसराही बंद ओढून काढला. पडदा पांढरा झाला.

"काय केलंस हे!" शर्वरी किंचाळली. "अक्कल आहे का तुला? आता मरणार होता तो!"

सभागृहातले दिवे लागले. हर्षदा जमिनीवर बसली होती, हातात पट्टी. तिच्या मनगटावर शर्वरीच्या नखांचे ओरखडे होते.

मोमीन आलेख घेऊन आला तेव्हाही दोघी तशाच होत्या. त्याने कागद शर्वरीच्या हातात द्यायला नको म्हणून उगाच घडी घातली, पण हर्षदाने तो मागून घेतला. एकोणीस मिनिटं दहा सेकंद. रेघ चढत चढत गेली होती, आणि अगदी शेवटी, सगळ्या चढाच्या वर, एक सुळका होता.

"हे टोक कशाचं?" तिने विचारलं. "तो चष्मेवाला आला त्याचं?"

मोमीनने शर्वरीकडे पाहिलं. शर्वरीने कागद घेतला, खालचे सेकंद वाचले. तिला वाचायला वेळ लागत होता.

"नाही," ती म्हणाली. "हे शेवटचे चार सेकंद आहेत. तू बंद सोडत होतीस तेव्हाचे." तिला पुढचं बोलवेना, पण बोलायला हवं होतं. "हा राग तुझ्यावरचा आहे. त्या चौघांवर, त्या पाचव्यावर आला नव्हता एवढा तुझ्यावर आला. तू माझा शेवट हिरावून घेतलास म्हणून."

ओढणीच्या टोकाने हर्षदा ओरखड्यांवर टिपत राहिली.

"मी सगळं लिहिते," शर्वरी म्हणाली. "सातवी अट माझी, ती कशी चालते तेही लिहिते. दोन्ही खेळांचे आलेख जोडते, इचलकरंजीच्या खेळाचाही मागवते. समितीला 'फडशा' बंद करावाच लागेल. पेपरात येईल. तुझ्या आईला कळेल, तू खोटं बोलली नव्हतीस."

"आन् मग कुणी लांबवलं तेबी कळंल तिला."

शर्वरीने आलेखाचा कागद खाली ठेवला.

"आई रात्रंदिवस तेच आठवून रडती, मॅडम. तिला आता असं सांगायचं, की तू रडलीस म्हणून त्यांनी माझे हाल वाढवले? मी खोटं बोलले म्हणती ती, म्हणू दे. तेवढं सोसंल मला." ती उठली, पट्टी खुर्चीच्या हातावर ठेवली. मग एकदम तिचा आवाज चढला, दोन दिवसांत पहिल्यांदाच. "पर अव्हाल लिवायचाच. सोडायचं न्हाई. इचलकरंजीचा कागद मागवायचा न्हाई, त्या चाळीस बायकांचापण जोडायचा न्हाई. त्यांनी अट लिवली नव्हती. तुमचा जोडा. एकोणीस मिनिटं तुमची लिवा, आन् ते टोकपण."

"एका प्रेक्षकाचा पुरावा पुरेल?" शर्वरीने मोमीनला विचारलं.

"यंत्र तेच, अट तीच. पुरेल," मोमीन म्हणाला. "तुमच्या नावाचं मात्र काही राहणार नाही, डॉक्टर."

हर्षदा दारापर्यंत गेली आणि थांबली. लिहितात की नाही ते बघायला ती थांबली होती, हे उघड होतं.

शर्वरीने टेबलावरचा पेढ्यांचा पुडा बाजूला सारला आणि अहवालाचा कोरा कागद ओढला. प्रेक्षकसंख्या या रकान्यात तिने 'एक' असं लिहिलं, आणि पुढच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव.